टाकीत जागा आधी शिंपल्याची, मग कोरलची

समुद्रात प्रवाळखडकावर ट्रायडॅक्ना कुळातले मोठे शिंपले आणि कोरल (प्रवाळ) शेजारी-शेजारीच वाढतात. दोघांना भरपूर उजेड लागतो, दोघांना स्वच्छ, उबदार, खारं पाणी लागतं आणि दोघंही पाण्यातलं कॅल्शियम ओढून आपलं कवच किंवा सांगाडा बांधतात. त्यामुळे घरच्या खाऱ्या पाण्याच्या, काचेच्या टाकीत ते एकत्र राहतील असं वाटतं, आणि राहतातही. पाणी नीट सांभाळणाऱ्या माणसाला अडचण येते ती बहुधा शेजाराची. कोण कोणाच्या किती जवळ आहे, कोणाची सावली कोणावर पडणार आहे, रात्री कोणाचे हात कुठवर पोचतात, हे आधी पाहिलं नाही तर सहा-आठ महिन्यांनी शिंपला अर्धवट मिटलेला दिसू लागतो. पाण्याच्या सगळ्या चाचण्या व्यवस्थित येतात आणि कारण काही सापडत नाही.

कारण समजण्यासाठी शिंपला मिटतो तेव्हा त्याचं काय होतं, ते आधी पाहायला हवं.

ट्रायडॅक्ना हा आपल्या तिसऱ्या-कालवांच्याच गणगोतातला. तिसऱ्या वाळूत राहून पाणी गाळतात आणि त्यातल्या सूक्ष्म कणांवर जगतात. ट्रायडॅक्नाही पाणी गाळतो, पण त्याचं बरंचसं पोट उजेडावर भरतं. दोन शिंपांच्या मधून जो निळा, हिरवा, जांभळा मांसल पडदा बाहेर पसरलेला दिसतो त्याला मँटल म्हणतात. या मँटलमध्ये सूक्ष्म शैवाल राहतात. ते उजेडात साखर तयार करतात, त्यातला मोठा वाटा शिंपल्याला मिळतो, आणि शिंपल्याच्या शरीरातून निघणारा अमोनिया शैवालांच्या उपयोगी पडतो. कोरलच्या अंगातही याच कुळातले शैवाल असतात. कोरलमध्ये ते पेशींच्या आत राहतात, तर शिंपल्यात पोटापासून निघून मँटलभर पसरलेल्या बारीक नळ्यांमध्ये.

ग्रेट बॅरियर रीफवरच्या लो आयल्स बेटांवर 1928-29 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक मोहीम मुक्कामाला होती. तिचे प्रमुख मॉरिस यंग यांनी या शिंपल्यांचा आणि त्यांच्या शैवालांचा बारकाईने अभ्यास केला. मँटलच्या देखण्या रंगांचं काम मात्र फार अलीकडे कळलं. ॲलिसन स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिलं की मँटलमधल्या चमकदार पेशी वरून येणारा कडक उजेड आतल्या बाजूला पसरवतात. शैवाल तिथे उभ्या खांबांसारखे रचलेले असतात आणि पसरलेला उजेड खांबाच्या तळापर्यंत पोचतो. वरचे शैवाल करपत नाहीत, खालचे अंधारात राहत नाहीत. मॅक्झिमा जातीच्या शिंपल्याचा जो निळा रंग पाहून आपण तो घरी आणतो, तो रंग म्हणजे या व्यवस्थेचाच भाग आहे. मला हे कळल्यापासून शिंपला टाकीतला दागिना म्हणून पाहणं जमेनासं झालं.

आता ही सगळी व्यवस्था चालते ती मँटल बाहेर पसरलेला असेल तेवढाच वेळ. मँटलच्या कडेने शेकडो सूक्ष्म डोळे असतात, सावली सरकली की त्यांना कळतं आणि शिंपला मिटतो. त्याच्याकडे नांगी नाही, पळून जाता येत नाही. मिटणं हा त्याचा मुख्य बचाव आहे. मिटला की उजेड बंद आणि गाळणंही बंद. मासा वरून गेला, आपला हात पाण्यात गेला, म्हणून मिनिटभर मिटला तर काही बिघडत नाही. पण शेजारच्या कोरलचा हात दर थोड्या वेळाने लागत असेल, तर तो दिवसभर अर्धाच उघडतो. त्याचं खाणं निम्म्यावर येतं. एका दिवसात काही दिसत नाही, महिन्यांनी दिसतं, आणि तोवर शिंपला आतून खंगलेला असतो.

म्हणून माझा आग्रह असा, की टाकी मांडताना शिंपल्याची जागा सगळ्यात आधी कागदावर ठरवावी आणि कोरल तिच्याभोवती बसवावेत. बहुतेक जण उलट करतात. खडक कोरलनी भरून जातो आणि मग उरलेल्या फटीत शिंपला येतो.

पुढे जाण्याआधी कायद्याचं. भारतात राहणाऱ्या वाचकांनी हे घरी करण्याचा विचार करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली सगळे कठीण प्रवाळ संरक्षित आहेत, आणि लक्षद्वीपच्या खाजणांत दिसणारे मॅक्झिमा व स्क्वामोसा हे शिंपलेही. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून जिवंत तर सोडाच, मेलेलं कोरल उचलणंही गुन्हा आहे. तिथे स्नॉर्केल लावून जरूर पाहावं, हात न लावता. मी लिहितोय ते मुख्यतः अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांत राहणाऱ्या आणि तिथे हा छंद कायद्याने करता येणाऱ्या मराठी मंडळींसाठी. तिथेही शिंपला शेतीतला आहे ना, याची कागदपत्रं मागा. ट्रायडॅक्ना कुळातले सगळे शिंपले साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहेत, त्यामुळे देशाबाहेर पाठवताना परवाना लागतोच. प्रशांत महासागरातल्या पलाऊमध्ये जेराल्ड हेस्लिंगा आणि सहकाऱ्यांनी डेरासा जातीच्या शिंपल्याची मोठ्या प्रमाणावर पैदास करून दाखवली. तेव्हापासून शेतीतले शिंपले मिळू लागले आहेत, त्यामुळे खडकावरून उपटलेला जीव विकत घेण्याचं काही कारण उरलेलं नाही.

कोरलची हत्यारं

कोरल शांत, स्थिर दिसतं. रात्री दिवे गेल्यावर लाल टॉर्च घेऊन टाकीसमोर बसलं की वेगळंच चित्र दिसतं. दिवसा आखूड असलेल्या काही कोरलमधून लांब, पारदर्शक, टोकाला फुगीर असे धागे बाहेर येतात आणि प्रवाहाबरोबर चाचपडत फिरतात. त्यांना स्वीपर म्हणतात. त्यांच्या टोकाला डंख मारणाऱ्या पेशी ठासून भरलेल्या असतात. गॅलेक्सिया या कोरलचे स्वीपर 20 ते 30 सेंटिमीटर लांब जाऊ शकतात. टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन ही नावं दुकानात ऐकू येतात ती सगळी युफिलियाच्या गोतावळ्यातली. त्यांचे 10-15 सेंटिमीटर सहज जातात.

दुसरं हत्यार अधिक विचित्र आहे. ज्युडिथ लँग यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जमैकाच्या खडकांवर पाहिलं, की काही कोरल आपल्या पोटातले पाचक धागे तोंडातून बाहेर काढून शेजाऱ्यावर टाकतात आणि त्याला जागच्या जागी पचवतात. फेव्हिया, फेव्हाइट्स, चॅलिस, हायड्नोफोरा हे कोरल त्यासाठी ओळखले जातात. यांच्यापासून हातभर अंतर ठेवलं तर काही होत नाही. स्पर्श झाला तर शिंपल्याला काही करता येत नाही.

तिसरं हत्यार दिसत नाही. सार्कोफायटन, सिन्युलारिया यांसारखे मऊ कोरल पाण्यात टर्पीन वर्गातली रसायनं सोडतात. समुद्रात ती पांगतात, टाकीत साठतात. त्यावर उपाय सोपा आहे: चांगला सक्रिय कोळसा फिल्टरमध्ये सतत ठेवायचा, दर महिन्याला बदलायचा आणि पाणी नियमित बदलायचं. तरीही एका लहान टाकीत सार्कोफायटनसारखा मोठा लेदर कोरल आणि शिंपला, दोन्ही ठेवू नये असंच मी सांगेन.

आणि काही कोरल नुसते पसरतात. ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया आणि झोॲन्थिड खडकावर सतरंजीसारखे सरकत येतात आणि शिंपल्याच्या काठावर चढू लागतात. यांना एक तर मागच्या काचेवर, नाही तर वाळूने वेढलेल्या सुट्या दगडावर ठेवावं. मध्ये मोकळी वाळू असली की त्यांची वाट अडते. झोॲन्थिडच्या बाबतीत एक गोष्ट जिवावर बेतू शकते म्हणून सांगतो: त्यांतल्या काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं अतितीव्र विष असतं. असा खडक उकळायचा नाही, गरम पाण्याने धुवायचा नाही, कोरड्या ब्रशने खरवडायचा नाही, कारण वाफेतून आणि तुषारांतून ते विष श्वासात जातं. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या स्टीव्हन्टन गावात घरची टाकी साफ करताना एक अख्खं कुटुंब आणि मदतीला आलेले अग्निशमन कर्मचारी रुग्णालयात दाखल झाले होते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय झोॲन्थिडला हात लावू नका.

कोरलपेक्षाही वाईट शेजारी ॲनिमोन, म्हणजे कोरलचाच डंख मारणारा, मऊ अंगाचा नातेवाईक. कोरल एका जागी असतं, ॲनिमोन चालतो. आज डाव्या कोपऱ्यात असलेला बबल-टिप ॲनिमोन उद्या शिंपल्याला टेकलेला दिसू शकतो, आणि तो नुसता डंख मारून थांबत नाही. माझ्या मते शिंपला असेल तर ॲनिमोन आणूच नये.

सावली आणि वाढ

डंख मारणारे शेजारी निदान दुकानातल्या माणसाला माहीत असतात. सावली कोणीच सांगत नाही. माँटिपोरा कॅप्रिकॉर्निस हे ताटासारखं आडवं पसरणारं कोरल अगदी गरीब स्वभावाचं आहे, त्याचा डंख जवळजवळ नगण्य. पण ते शिंपल्याच्या वर बसवलं तर वर्षभरात त्याच्या डोक्यावर छत्री धरतं. ॲक्रोपोरा या कोरलच्या फांद्याही वर्षाला कित्येक सेंटिमीटर वाढतात. आज 4 सेंटिमीटरचा तुकडा लावताना तो 25 सेंटिमीटरचा झाल्यावर दुपारच्या दिव्याची वाट कुठे अडवेल, हे पाहून लावायला हवं. शिंपल्याच्या सरळ वरचा भाग कायम मोकळा ठेवायचा, तिथे काहीही बसवायचं नाही.

शिंपलाही वाढतो, आणि जातीनुसार फार वेगवेगळा. क्रोशिया हाताच्या मुठीपेक्षा थोडा मोठा, साधारण 15 सेंटिमीटरला थांबतो. मॅक्झिमा 30 सेंटिमीटरपर्यंत, स्क्वामोसा 40, डेरासा 50 च्या पुढे. गिगास तर मीटरभराहून मोठा आणि 200 किलोंहून जड होतो. त्याचं पिल्लू कितीही गोंडस असलं तरी घरच्या टाकीत त्याला जागा नाही. नवशिक्यांना डेरासा सुचवतात, कारण तो चिवट असतो आणि थोड्या कमी उजेडात भागवतो. ते खरं आहे, पण तो झपाट्याने वाढतो, त्यामुळे 400 लिटरच्या आतल्या टाकीत तो तात्पुरता पाहुणाच ठरतो.

जागा नेमकी कुठे

क्रोशिया आणि मॅक्झिमा निसर्गात उथळ पाण्यातल्या खडकावर राहतात, क्रोशिया तर खडक कोरून आत बसतो. त्यांना कडक उजेड हवा. शैवालांच्या उपयोगी पडणारा उजेड मोजायला पीएआर मीटर मिळतो, बऱ्याच ठिकाणी भाड्यानेही. त्यावर मॅक्झिमाला साधारण 250 ते 400 च्या दरम्यान आकडा हवा, डेरासा आणि स्क्वामोसाला 150 ते 250. याची सांगड कोरलशी घालायची: ॲक्रोपोरा मॅक्झिमाच्याच उजेडात खूश असतं, तर युफिलियाला 80 ते 150 पुरतं. म्हणजे उजेडाचा हिशेब नीट केला तर मॅक्झिमा आणि युफिलिया आपोआपच लांब राहतात. नवा शिंपला आणल्यावर त्याला थेट वर ठेवू नये. खाली ठेवून किंवा दिवे मंद करून, दोन-चार आठवड्यांत हळूहळू पूर्ण उजेडात आणावा.

प्रवाहाचं गणित वेगळं आहे. ॲक्रोपोराला जोराचा, दिशा बदलणारा प्रवाह लागतो. शिंपल्याला मध्यम, पसरलेला. पंपाची धार थेट मँटलवर आली तर मँटलची कड दुमडून राहते आणि तो पूर्ण उघडत नाही. खालचा दगड न हलता मँटल हलकंच डुलताना दिसलं की प्रवाह बरोबर आहे. आणखी एक: स्वीपर प्रवाहाच्या दिशेने लांब होतात. युफिलिया पंपाच्या बाजूला आणि शिंपला त्याच्या पुढे, अशी मांडणी कधीही करू नये. पंप दोन्ही बाजूंना असतील तर अंतर दोन्हीकडून धरावं.

एक उदाहरण घेऊ. 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद, 50 उंच टाकी. काठोकाठ भरली तर 360 लिटर. यात मी एकच मॅक्झिमा ठेवेन. मधोमध, पुढच्या बाजूला, साधारण मध्य उंचीवर सपाट खोलगट जागा असलेला बुटका खडक, त्यावर शिंपला, उघडा भाग वर, बिजागरी खाली. त्याच्या चारी बाजूंनी 15 सेंटिमीटर मोकळे. डावीकडच्या उंच खडकावर ॲक्रोपोरा, पण शिंपल्याच्या डोक्यावर झुकणार नाही अशा कोनात. माँटिपोराची ताटं मागच्या भिंतीजवळ खाली. उजव्या टोकाला वाळूजवळ कमी उजेडात हॅमर, म्हणजे शिंपल्यापासून 40 सेंटिमीटर तरी लांब. झोॲन्थिडचा सुटा दगड डाव्या कोपऱ्यात वाळूत. गॅलेक्सिया नाही, ॲनिमोन नाही, लेदर कोरल नाही. सुरुवातीला ही टाकी ओकीबोकी दिसते. पाहुणे विचारतात, इतकी जागा रिकामी का? दोन वर्षांत ती भरते.

शिंपला खोलगट जागेत बसवताना दोन्ही शिंपा पूर्ण उघडायला जागा आहे ना, ते पाहा. अरुंद फटीत तो अडकतो. कोरलचे तुकडे नीट चिकटवा. सैल तुकडा टर्बो गोगलगायीने ढकलला की तो घरंगळत शिंपल्याच्या उघड्या मँटलवर येऊन पडतो.

पाणी

इथे कोरल आणि शिंपला एकाच बाजूला आहेत, म्हणून थोडक्यात. क्षारता (मिठाचं प्रमाण) 35 पीपीटी म्हणजे हजारात 35 भाग, तापमान 24 ते 26 अंश, कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम म्हणजे दहा लाखात तेवढे भाग, आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, 8 ते 11 डीकेएच (हे तिचं एकक). समजून घ्यायची गोष्ट ही, की शिंपला कोरलच्या बरोबरीने कॅल्शियम खातो. शिंपला मोठा झाला की मोजणी बदलते, आणि ती अल्कलिनिटीत आधी दिसते. कवच बांधताना अल्कलिनिटी 1 डीकेएच घटली तर कॅल्शियम फक्त 7 पीपीएमच्या आसपास घटतं. 8 तला 1 गेला तर लगेच कळतो. 420 तले 7 गेले तर घरच्या चाचणीला ते दिसतसुद्धा नाहीत. म्हणून कॅल्शियम ठीक आहे यावर विसंबू नका, अल्कलिनिटी आठवड्यातून दोनदा मोजा.

दुसरी गोष्ट, पाणी अतिशुद्ध करू नका. शिंपला पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट घेतो, त्याच्या शैवालांना ते लागतं. नायट्रेट शून्यावर नेलेल्या टाकीत शिंपले आणि कोरल दोन्ही फिके पडतात. 2 ते 10 पीपीएम नायट्रेट असलेलं बरं. 5 सेंटिमीटरहून लहान शिंपल्याचा मात्र गाळून खाण्यावर भर जास्त असू शकतो. त्याला सूक्ष्म शैवालांचं खाद्य द्यावं लागू शकतं, म्हणून पहिला शिंपला 7-8 सेंटिमीटरचा तरी घ्यावा. आणि टाकी निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर जुनी असावी. माशांच्या औषधातलं तांबं या टाकीत कधीच जाता कामा नये. शिंपला आणि कोरल दोघांनाही ते सोसत नाही.

माशांबद्दल एवढंच, की बहुतेक बटरफ्लाय आणि एंजल मासे मँटलचे लचके तोडतात. ॲनिमोन नसेल तर क्लाउनफिश शिंपल्यालाच घर मानून त्यात लोळू लागतो. मोठा शिंपला ते सहन करतो, लहान करत नाही.

हलवायची वेळ आली तर

इतकं करूनही कधी शेजार जमत नाही. शिंपल्याची एक बाजू कायम आखडलेली दिसली तर त्या बाजूला रात्री लाल टॉर्चने पाहा. बहुतेक वेळा कोणाचा तरी स्वीपर सापडतो. बाहेर ओढलं गेलेलं, पण सैल लोंबणारं मँटल आणि आ वासल्यासारखं सताड उघडं तोंड दिसलं तर ते दुखण्याचं लक्षण आहे. अशा वेळी शेजारी तर तपासाच, पण शिंपेच्या काठावर आणि बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक पांढऱ्या गोगलगायी नाहीत ना, तेही पाहा. त्या परजीवी असतात आणि रात्री शिंपल्याचा रस शोषतात. मऊ ब्रशने काढून टाकायच्या आणि काही आठवडे रोज पाहत राहायचं.

शेजारी दोषी असेल तर शिंपला हलवण्यापेक्षा कोरल हलवा. शिंपला बुडाशी असलेल्या एका ग्रंथीतून चिवट धागे काढून दगडाला स्वतःला बांधून घेतो. कोकणात शिणाणे साफ करताना जी दाढी ओढून काढतात, तीच ही. जिवंत ट्रायडॅक्नाची ती ओढली तर धाग्यांबरोबर ग्रंथीही फाटते आणि बहुतेकदा शिंपला त्यातून उठत नाही. हलवणं टळत नसेल तर धारदार पात्याने धागे दगडाच्या लगत कापायचे, अंगाच्या लगत नाही, आणि जोर लावायचा नाही. नवे धागे काही दिवसांत येतात. या सगळ्या त्रासातून वाचायचं असेल तर पहिल्याच दिवशी शिंपला थेट मोठ्या खडकावर न ठेवता तळहाताएवढ्या सुट्या चपट्या दगडावर बसवा आणि तो दगड खडकातल्या खोलगट जागेत ठेवा. शिंपला त्या दगडाला धरून बसतो आणि पुढे कधी जागा बदलायची झाली तर दगडासकट उचलता येतो.